बिनमुंडक्याच्या जासुदाची आणि मुळ्यांच्या रिकाम्या खुर्चीची बखर

श्री. विघ्नहर्ता सांभाळो, वीज न जावो, तार न तुटो, आणि परवलीचा शब्द ऐनवेळीं आठवो. ऐसें मागणें मागोन लेखनास आरंभ केला. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष वद्य त्रयोदशी, इंदुवार, ते दिवसापासोन पुढें सहा दिवसांत एका राज्यांत जें जाहलें तें जैसें ऐकिलें तैसें लिहिलें आहे. पदरचें तिखटमीठ लाविलें असेल तर तें चवीपुरतें, याउपरि वाचणारानें रागें भरों नये.

राज्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. हें राज्य जमिनीवर नव्हतें, संगणकांत होतें. मुलखोमुलखीं जीं नाटकें होत त्यांचीं तिकिटें रयतेस घरबसल्या विकावीं, हा त्या राज्याचा उद्योग. आणि ज्या संकेतस्थळावर हा उद्योग चाले तोच महाल. महालास दरवाजे तीनशें बारा. नांव नोंदवावें तो एक दरवाजा, नाटक निवडावें तो दुसरा, खुर्ची धरावी तो तिसरा, धरिलेली खुर्ची सोडावी तो चवथा, आणि परवलीचा शब्द विसरावा त्यासही एक दरवाजा असोन सर्वांहून अधिक गर्दी तेथेंच. दर महिन्याचे शेवटले शुक्रवारीं महालाची नवी आवृत्ती रयतेस खुली करावी ऐसा शिरस्ता होता. आणि नवी आवृत्ती म्हटली म्हणजे चवथ्या दरवाज्याची कडी बदलली कीं दोनशें सातव्याचें बिजागर कुरकुरे, आणि कां म्हणोन पुसलें तर कारागीर छताकडे पाहत. म्हणोन खुली करण्याआधीं प्रत्येक दरवाजा उघडोन, लावोन, पुन्हा उघडोन पाहणें जरूर होतें. आणि तें काम हातानें करणारी बाई एकच, तपासनीस भार्गवीबाई मुळ्ये.

भार्गवीबाईची चाकरी सहा वर्षांची. बोलणें थोडें, हसणें बहुत, आणि चिकाटी ऐसी कीं मुंगीनें येऊन शिकवणी लावावी. बुधवारीं बसावें, शुक्रवारीं सायंकाळीं उठावें, आणि मग शनिवारीं दिवसभर रखवालीस पुन्हा बसावें, कीं रयत आंत आली आणि कोठें दार अडकलें तर तत्काळ कळावें. चूक सांपडली म्हणजे बाई कोणास ओरडत नसत, चहा मागवीत. चहाचा पेला कोणाच्या मेजावर आला कीं त्या कारागिरानें समजावें, आपलेंच कांहीं चुकलें. ऐसें सहा वर्षें निभावलें. परंतु नाटकांच्या लाखों खुर्च्या तपासोन तपासोन बोटें झिजलीं, आणि बाईस स्वतःस एका खुर्चीवर बसोन नाटक पाहणें कपाळीं नव्हतें, हें दुःख कोणास ठाऊक नव्हतें.

तें दुःख ऐसें कीं, दक्षिणेस समुद्रतीरीं बाईचें गांव. तेथें माघी गणेशजयंतीस गांवकरी आपणच नाटक करीत, आणि बाईच्या मातुश्री शरयूबाई, टपालकचेरीतून निवृत्त जाहल्या तेव्हांपासोन, तोंडास रंग लावोन त्यांत उभ्या राहत. त्या गांवची चाल ऐसी कीं भाड्याच्या खुर्च्या आणावयाच्या नाहींत. ज्या घरचा नट त्या घरची एक खुर्ची पहिल्या रांगेस, पाठीवर आडनांव रंगविलेलें, आणि तीवर त्या घरचेंच माणूस बसेल, दुसऱ्यानें बूड टेकूं नये. मुळ्यांच्या घरीं माणसें दोनच, एक रंगमंचावर आणि दुसरें महालाच्या दरवाज्यांत. दर सणास महालाचें कांहींना कांहीं काम निघे, आणि बाई त्यांत अडके. तीन वर्षें मुळ्यांची खुर्ची रिकामी मांडिली आणि रिकामीच उचलिली. गांव कांहीं म्हणत नसे, परंतु पाहत असे. यंदा सेनापतीचें काम करणारे गृहस्थ गुडघ्यामुळें घरीं बसले, आणि शरयूबाईंनीं त्यांचा फेटा, तलवार आणि मिशा मागोन घेतल्या. वय चौसष्ट. तो सण पुढले शनिवारीं, आणि आदले दिवशीं शुक्रवार, महिन्याचा शेवटला. सोमवारीं सकाळीं मातुश्रींचा फोन आला तो दोन वाक्यांचा. "ये असें म्हणत नाहीं गो. खुर्ची मांडणार आहें, तेवढें सांगतें."

बाईनें फोन ठेविला आणि बराच वेळ तिसरा दरवाजा उघडझांक करीत बसली. मग उठोन थेट हुजुरांपुढें गेली आणि शनिवारची रजा मागितली. हुजूर म्हणजे त्या राज्याचे धनी. माणूस वाईट नव्हे, परंतु काळजीनें पोखरलेला. ते म्हणाले कीं रजा आनंदानें घ्या, परंतु दरवाजे कोण पाहणार तें सांगोन जा. तेव्हां जवळच निरंजनपंत हसबनीस बसले होते, कारागिरांत मुख्य, बुद्धीनें तेज आणि तें सर्वांस ठाऊक असावें ऐसी इच्छा धरणारे. त्यांणीं घसा खाकरोन सांगितलें कीं, परदेशीं एक जासूद मिळतो, त्यास हेडलेस ब्राउझर म्हणतात. आपण महाल पाहतों तो ब्राउझर नामें खिडकींतून; हा तोच ब्राउझर, परंतु पडद्यावर खिडकी उघडीत नाहीं, तोंड दाखवीत नाहीं, बिनमुंडक्याचा. लिहोन दिलें तितकें करितो, दरवाजे भराभर उघडतो, मिटतो, आणि कोठें अडला तें लिहोन आणितो. त्याच्या कानीं हुकूम सांगावयास ड्रायव्हर नामें दुभाष्या लागतो. तो बसविला कीं तीन दिवसांचें काम घटकेंत. हें ऐकोन दरबारांत हंशा पिकला, आणि कोणी मागल्या मागें पुटपुटला कीं बिनमुंडक्याचे आपल्याकडे थोडे आहेत कीं काय, नवा कशास आणितां. हुजूरही हंसले. मग म्हणाले कीं शुक्रवारीं दोन प्रहरीं जासुदानें तीनशें बाराही दरवाजे सुखरूप दाखविले तर भार्गवीबाई मोकळी, नाहींतर नेहमीप्रमाणें. ऐसा करार जाहला.

भार्गवीबाईच्या मनीं दोन विचार आले तेही लिहितों, लपवीत नाहीं. एक हा कीं देवच पावला. दुसरा हा कीं सहा वर्षें आपण जें केलें तें मुंडकें नसलेलाही करूं शकतो, तर आपण काय केलें? दुसरा विचार कडू होता, तो तिणें गिळला आणि कामास लागली.

मंगळवारीं सर्व मंडळी सर्व्हरगडावर, म्हणजे ज्या यंत्रांत महाल वसे त्यांच्या खोलींत, गेली. तेथील किल्लेदार मुकुंदराव तांडेल. गडावर यंत्रांसाठीं बारमाही गारवा राखावा लागे, म्हणोन मुकुंदराव वैशाखांतही स्वेटर घालोन हिंडत. गडावरील यंत्रास पडदा नाहीं, म्हणोनच बिनमुंडक्याचा जासूद तेथें सोयीचा. मुकुंदरावांनीं त्यास जागा दिली. निरंजनपंतांनीं आपल्या घरच्या संगणकावरील दुभाष्या उचलोन आणिला आणि त्यापुढें उभा केला आणि हुकूम दिला कीं चला. जासूद जागचा हालेना. दुभाष्यानें उलट कागद धाडिला, त्यांत लिहिलें कीं, मी एकशें एकतिसाव्या पिढीचा, हा जासूद एकशें बत्तिसाव्या पिढीचा, याची भाषा मज उमजत नाहीं. निरंजनपंत मानावयास तयार नव्हते. त्यांणीं तोच हुकूम सात वेळां दिला आणि सात वेळां तोच कागद आला. मग मुकुंदराव स्वेटरच्या बाह्या सारख्या करीत म्हणाले कीं पंत, गडावरचा ब्राउझर आपला आपण नवा होत असतो, तुमच्या घरचा दुभाष्या जुना राहिला, सासूसून दोन पिढ्यांच्या, बोलणें जुळणार कैसें. मग एकशें बत्तिसाव्या पिढीचा दुभाष्या आणिला, आणि जासुदानें पुन्हा मध्येंच वय वाढवूं नये म्हणोन मुकुंदरावांनीं त्यास दावें बांधलें, कीं आम्हांस पुसल्यावांचोन नवा होऊं नको. हुकूम दिला, आणि जासूद चालला. परंतु ह्यांत मंगळवार खर्ची पडला.

बुधवारीं दरवाजे लिहिण्याचें काम. जासुदास कांहीं म्हणतां कांहीं कळत नाहीं, त्यास एकेक पाऊल सांगावें लागतें: अमुक बटण दाब, अमुक जागीं नांव लिही, अमुक अक्षरें दिसतात कीं नाहीं तें पाहा. निरंजनपंत लिहीत आणि भार्गवीबाई सांगे. पंतांस प्रथम वाटलें कीं दरवाजा म्हणजे काय, उघडला कीं जाहलें. परंतु बाई सांगूं लागली कीं ह्या दरवाज्यास लोक दोनदां ठोठावतात कारण त्यांस धीर नाहीं, ह्या जागीं म्हातारीं माणसें नांवामागें पूर्णविराम देतात, येथें एक गृहस्थ दर महिन्यास सासरच्या चौदा माणसांचीं तिकिटें एकदम घेतात. हें सर्व लिहा. इतक्या वर्षांत आपण बांधिलेल्या महालांत माणसें राहतात हें त्यांस पहिल्यानें कळलें. सायंकाळीं जासुदानें आपण पाहिलें त्याची तसबीर काढोन धाडिली, ती पाहतां सर्वत्र चौकोनच चौकोन, एक अक्षर नाहीं. मुकुंदराव चष्मा पुशीत म्हणाले कीं हें नाटक कोणतें, विटांचें? तेव्हां उमजलें कीं गडावरील यंत्रांत देवनागरी अक्षरांचा संचच कोणी ठेविला नव्हता. परदेशी यंत्र, त्यास आपलीं अक्षरें कोणी शिकवावीं. संच आणोन बसविला, आणि चौकोन जाऊन अक्षरें उमटलीं. पंत आणि किल्लेदार दोघांनीं एकमेकांस टाळी दिली. तसबिरी पाहण्याचें काम संपलें ऐसें समजोन त्या पुढें कोणी पाहिल्या नाहींत.

गुरुवारीं तीनशें बाराही दरवाजे लिहोन जाहले आणि जासुदास सोडिला. अकरा मिनिटांत परत. सर्व मंडळी वाकोन पाहतात तों एक्केचाळीस दरवाजे बंद. प्रत्येकापुढें एकच मजकूर, कीं 'तिकीट घ्या' हें बटण सांपडत नाहीं. बाईनें आपल्या संगणकावर पाहिलें तर बटण आहे, लाल, वरती, ठसठशीत. निरंजनपंतांनीं तर्क केला कीं जासूद उतावळा, बटण उमटण्याआधींच पाहतो. म्हणोन त्यास हुकूम लिहिला कीं दहा सेकंद थांब. थांबला, आणि तेंच सांगितलें. मग तीस सेकंद. तेव्हां फेरीस अकरा मिनिटांच्या जागीं अर्धा तास लागूं लागला आणि उत्तर तेंच. पंतांनीं बटणाचें नांव बदलोन पाहिलें, पुन्हा पहिलें ठेविलें. दोन प्रहर टळला. हुजुरांचा निरोप आला कीं जासूद नाहीं जमला तर हरकत नाहीं, परंतु बाईनें हातानें तपासणीस बसावें, नाहींतर शुक्रवारही हातचा जाईल. रास्तच होतें. बाईनें मान डोलाविली, आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. फोन काढिला. आईस काय सांगावें त्याची जुळणी केली: यंदाही जमत नाहीं, तूं छान कर, कोणीतरी चित्रण करील तें पाठव. मागले वर्षींही हींच वाक्यें होतीं, अक्षराचा फरक नाहीं. तें ध्यानीं येऊन तिचे डोळे भरले आणि फोन करवेना.

तेव्हां सहज मनीं आलें कीं जासूद म्हणतो दिसत नाहीं. तर दिसतें काय? जिन्यावरूनच उठली आणि पंतांच्या मेजापाशीं येऊन म्हणाली कीं बुधवारीं जैसी तसबीर काढिली तैसी आतां काढा. पंत वैतागले होते. म्हणाले अक्षरें नीट येतात, तें पाहोन काय उपयोग. बाई हटेना. तसबीर आली. अरुंद. लाल बटण कोठेंच नाहीं, आणि उजव्या कोपऱ्यांत वरती तीन आडव्या रेघा, एकावर एक. बाई पाहतच राहिली. मग हंसूं लागली, ऐसी कीं डोळ्यांतलें पाणी तैसेंच गालांवर उतरलें. शरयूबाईंपाशीं एक जुना लहानसा टॅब होता, भाच्यानें टाकलेला. त्यावर महाल उघडला कीं जागा पुरेना, म्हणोन सर्व बटणें त्या तीन रेघांमागें दडत. आणि दर वेळीं मातुश्री फोन करोन पुसत कीं बटण गेलें कुठें, आणि दर वेळीं लेक सांगे कीं तीन रेघांवर बोट ठेव, आई. ह्या एका कारणें भार्गवीबाई दर आवृत्तीस आपली खिडकी ओढोन अरुंद करोनही पाही. कोणी सांगितलें नव्हतें, कोणी विचारलेंही नव्हतें.

"पंत, ह्याची खिडकी लहान आहे," ती म्हणाली. "माझ्या आईची आहे तशी."

पंत म्हणाले, "ज्याला डोकें नाहीं त्याला खिडकी कसली?"

"दाखवीत नाहीं म्हणून नसते होय? असतेच."

पंतांनीं जासुदाच्या माहितीचें दप्तर उघडोन पाहिलें. खरेंच, जासुदास मोठी खिडकी घे ऐसें सांगितलें नाहीं तर तो आपणहून एक लहानशी घेऊन चालतो, आणि तींतून जें दिसेल तेंच जग मानितो. पंतांनीं आठ वर्षांच्या चाकरींत ही गोष्ट कधींतरी वाचिली होती आणि विसरले होते. त्यांणीं एक ओळ लिहिली, रुंदी इतकी, उंची इतकी. तीस सेकंदांचे सर्व थांबे पुसले. जासुदास सोडिला. अकरा मिनिटें मंडळी घड्याळ पाहत राहिली. मुकुंदराव गडाबाहेर असोनही स्वेटर काढावयास विसरले. कागद आला. तीनशें अकरा दरवाजे खुले, एक बंद.

पंत कपाळास हात लावणार, तों बाई म्हणाली थांबा, हा निराळा आहे. तो चवथा दरवाजा, धरिलेली खुर्ची सोडण्याचा. जासूद लिहितो कीं खुर्ची सोडिली, लगेच पुन्हा पाहिली, तर ती रिकामी असोन भरलेली दिसते. बाईनें हातानें करोन पाहिलें, नीट दिसली. पुन्हा केलें, नीट. मग उमजलें कीं सोडल्यापासोन दोन सेकंदांचे आंत पाहिलें तरच हा घोटाळा, आणि माणसाचा हात इतका चपळ नव्हे, जासुदाचा आहे. ही चूक सहा वर्षें महालांत राहत होती. किती रिकाम्या खुर्च्या भरलेल्या दिसोन किती माणसें परत गेलीं असतील, देव जाणे. भार्गवीबाईचा सोमवारचा कडू विचार तेथेंच विरघळला. जें जासुदास दिसत नव्हतें तें तिला दिसलें, आणि जें तिच्या हातीं येत नव्हतें तें जासुदाच्या हातीं आलें. दोघांचीं पोटें भरतील इतकें काम होतें. मग तिणें चहा मागविला. निरंजनपंतांनीं पेला पाहोन पुसलें कीं चूक माझी हें कबूल, परंतु सांपडविली त्यानें, तर चहा तुम्ही कां पाजतां. बाई म्हणाली त्याच्या वतीनें, त्यास तोंड नाहीं. त्या हंशानें कचेरी दणाणली, आणि पंत सर्वांहून मोठ्यानें हंसले.

शुक्रवारीं सकाळीं पंतांनीं चवथा दरवाजा दुरुस्त केला, आणि साडेअकरास जासूद तीनशें बारा दरवाजे खुले ऐसा कागद घेऊन आला. हुजुरांनीं तो दोनदां वाचिला. मग बाईस रजा दिली, आणि मानाचें वस्त्र म्हणोन राज्याच्या चिन्हाचा टीशर्ट दिला, तो दोन मापें मोठा होता. शनिवारीं सकाळीं नऊपासोन सायंकाळीं सातपर्यंत दर तासास जासुदानें फेरी घालावी ऐसा बंदोबस्त जाहला. आणि कांहीं अडलें तर खबर कोणास जावी ह्या जागीं सहा वर्षें बाईचा क्रमांक लिहिलेला होता, तो निरंजनपंतांनीं कोणी न सांगतां खोडला आणि आपला लिहिला. बाईनें तें पाहिलें. आभार मानूं गेली तर पंत म्हणाले कीं एसटी चुकेल, निघा.

शनिवारीं नाटक दिवसां चार वाजतां लागलें. पूर्वीं रात्रीं होत असे, परंतु नटांचीं वयें वाढलीं आणि दहा वाजतां संवादांआधीं जांभया येऊं लागल्या, म्हणोन गांवानें हा सुधार केला. देवळापुढें मंडप, पहिल्या रांगेस घरोघरच्या खुर्च्या. मुळ्यांची लाकडी, एक पाय किंचित आंखूड, पाठीवर पांढऱ्या रंगानें आडनांव. शरयूबाईंनीं ती सकाळींच मांडिली होती आणि रंगपटांत गेल्या होत्या. लेक येणार हें त्यांस ठाऊक नव्हतें, कारण एसटीचा भरंवसा नाहीं म्हणोन लेकीनें कळविलें नव्हतें. एसटी खरेंच उशिरां पोंचली. पहिला अंक होऊन गेला होता. भार्गवीबाई पिशवी सांवरीत, तो मोठा टीशर्ट घातलेली, वाकोन वाकोन पुढें आली आणि आपल्या खुर्चीवर बसली. खुर्ची डुगली. शेजारच्या खुर्चीवरील काकांनीं कागदाची घडी करोन आंखूड पायाखालीं सारली.

दुसरे अंकीं सेनापती आला. फेटा, तलवार, मिशा, आणि चाल टपालकचेरींतली. प्रवेश ऐसा कीं शिपायानें येऊन सांगावें, सरकार, चौकी रिकामी आहे. आणि सेनापतीनें म्हणावें, मग शत्रू दूर नाहीं. शिपाई आला, मुजरा केला, बोलला. सेनापती उत्तर देण्यास पुढें वळला, आणि त्याची दृष्टी पहिल्या रांगेवर गेली. तेथेंच थबकला. मिशीचें एक टोंक सुटोन लोंबूं लागलें. आंतून वाक्य सांगणारानें दोनदां सांगितलें, सेनापतीस ऐकूं येईना.

मग सेनापती सावकाश म्हणाला, "रिकामी कुठली? आज भरली."

गांवास तें वाक्य नाटकांतलें नाहीं हें तत्काळ कळलें, कारण खुर्ची गांवानें तीन वर्षें पाहिली होती. आधीं एक टाळी, मग मंडप. शिपायास पुढें काय करावें सुचेना, तर त्यानें भार्गवीबाईकडे वळोन तिलाही एक मुजरा घातला. भार्गवीबाई हंसत होती आणि रडत होती, आणि खुर्ची हालत नव्हती.

येणेंप्रमाणें जासूद उभा राहिला, महालाचे तीनशें बारा दरवाजे शाबूत राहिले, आणि मुळ्यांची खुर्ची भरली. शनिवारीं जासुदानें अकरा फेऱ्या घातल्या, एकदांही अडला नाहीं. फोन त्या दिवशीं निरंजनपंतांचाही वाजला नाहीं, परंतु पंत त्याकडे पाहत बसले होते हें मुकुंदरावांनीं सांगितलें. अधिकउणें वाचणारानें सांवरोन घ्यावें. इतकें लिहोन लेखणी ठेविली.